सोलापुरात वाईन शॉपमध्ये काउंटरवर काम कसं असतं?

नाव वाईन शॉप, पण गिऱ्हाईक मुख्यतः बिअर, व्हिस्की, रमचं. पहिल्या आठवड्यात मापं पाठ करा: क्वार्टर १८० मिली, हाफ ३७५, फुल ७५०. बॉक्समध्ये अनुक्रमे ४८, २४ आणि १२ बाटल्या.

खरी कसोटी स्टॉक रजिस्टरची. ब्रँड आणि मापानुसार सुरुवातीचा साठा, आवक, विक्री, शिल्लक रोज लिहायची. ताळा चुकतो तो बहुधा क्वार्टरमध्ये. संध्याकाळच्या गर्दीत एकाच ब्रँडचे दोन प्रकार बिलावर उलटे पडतात. म्हणून गर्दी सुरू होण्याआधी एकदा मोजून घ्या. फुटलेल्या बाटलीचं झाकण-लेबल जपून ठेवा आणि नोंद लगेच करा.

उन्हाळ्यात इथला पारा ४० च्या वर जातो. बिअर थंड असेल तरच खपते, म्हणून फ्रिजमध्ये नवा माल मागे, जुना पुढे. खरी वाईन मात्र गरम गोदामात ठेवू नका, चव जाते, बूच वर सरकतं; आडवी, अंधारात ठेवा.

वयाबाबत भीड नको. व्हिस्की-रमला २५ वर्षं पूर्ण हवीत, शंका आली की ओळखपत्र मागाच. २ ऑक्टोबरसारख्या ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी रांग लागते, सुट्टे पैसे आधीच आणून ठेवा.