कृषी सल्ला: गळीत हंगाम संपल्यावर वैरणीचे काय?

प्रश्न (हातकणंगले तालुका, जि. कोल्हापूर): चार म्हशी आहेत आणि दहा गुंठ्यांत संकरित नेपियर गवत आहे. हंगामात उसाचे वाडे (शेंड्याचा हिरवा भाग) भरपूर मिळते. पाचवी म्हैस घ्यावी का?

उत्तर: आपल्या जिल्ह्यात गोठ्याचा हिशेब बहुधा हंगामातील वैरणीवर मांडला जातो, तो एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवून मांडावा, कारण साखर कारखाने बंद झाले की वाडेही संपते. साधारण ४५० किलो वजनाच्या दुभत्या म्हशीला रोज १२ ते १३ किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातील पाणी वगळून उरणारा भाग) लागतो. त्यासाठी २० ते २५ किलो हिरवा चारा, ५ ते ६ किलो कडबा किंवा पिंजर (भाताचा पेंढा) आणि उरलेला भाग दुधाच्या प्रमाणात पशुखाद्य, असे धरावे. नेपियर चांगल्या व्यवस्थापनात गुंठ्याला वर्षाकाठी दीड ते दोन टन निघते, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांतून रोज सरासरी ४० ते ५५ किलो, जे दोन म्हशींना जेमतेम पुरते. त्यामुळे आहे त्या चार म्हशींसाठीच क्षेत्र दुप्पट हवे. पाचवीचा विचार त्यानंतर करावा.

वाड्याला पैसे पडत नाहीत म्हणून आपण ते पोटभर घालतो, पण त्यात प्रथिने कमी आणि ऑक्झॅलेट जास्त असते. हे ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणून हिरव्या चाऱ्यात वाडे निम्म्यापेक्षा जास्त नसावे, जोडीला मेथीघास (लसूणघास) द्यावा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नये. कोवळ्या नेपियरमध्येही ऑक्झॅलेट जास्त असते, त्यामुळे कापणीची घाई नको.

उन्हाळ्यासाठी आफ्रिकन टॉल या चाऱ्याच्या वाणाचा मका दाणे दुधाळ ते चिकाळ असताना कापून, एक-दोन इंचांची कुट्टी करून, हवा राहणार नाही अशी दाबून मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) करावा. तो ४५ ते ६० दिवसांत तयार होतो. पिंजरीवर युरिया प्रक्रिया करायची झाल्यास १०० किलोला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा आणि गंज (रचलेला ढीग) २१ दिवस झाकून ठेवावी. युरिया शिंपडून लगेच खाऊ घालणे जनावराच्या जिवावर बेतू शकते. सहा महिन्यांखालील वासरांना तर ही पिंजर देऊच नये.

पंचगंगाकाठच्या शेतकऱ्यांनी गंजी आणि मुरघासाच्या बॅगा पूररेषेच्या वर, जूनपूर्वीच हलवाव्यात.