जुन्या डच पवनचक्क्यांचे फोटो काढता काढता शाश्वत जगण्याबद्दल खरंच काही हाती लागतं का?

हो, लागतं. पण ‘वारा म्हणजे स्वच्छ ऊर्जा’ एवढंच नाही.

मी सहा वर्षं रॉटरडॅममध्ये राहतोय आणि जमेल तेव्हा कॅमेरा घेऊन किंडरडाइक या जुन्या पवनचक्क्यांच्या गावी जातो. रॉटरडॅमहून बोटीने जाता येतं. तिथे 19 चक्क्या आहेत, त्यातल्या बहुतेक 1738 ते 1740 या काळात बांधलेल्या. 1997 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्यांचा समावेश झाला.

पहिल्या वर्षी मी सूर्योदयाची वेळ बघून जायचो आणि पात्यांवर हवा तसा उजेड काही मिळायचा नाही. मग लक्षात आलं, चालती चक्की वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. मागच्या लांब दांड्याने तिचा माथा वाऱ्याच्या दिशेला फिरवतात. इथे नैऋत्येचा वारा जास्त, म्हणजे बऱ्याच दिवशी पात्यांवर समोरून उजेड पडतो तो दुपारनंतरच. आता मी घर सोडण्याआधी वाऱ्याची दिशा बघतो. चांगला वारा असला की सेकंदाला एक पातं खाली येतं, म्हणजे चार पात्यांच्या चक्कीचे मिनिटाला 15 फेरे. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर 1/15 सेकंदावर आणलं की पात्यांची टोकं पुसट होतात आणि भिंत स्पष्ट राहते. शटर फार वेगवान ठेवलं तर चक्की बंद पडल्यासारखी दिसते, आणि ते मला आवडत नाही.

या चक्क्या दळणाच्या नाहीत, पाणी उपसायच्या आहेत. सखल जमिनीतलं पाणी आधी खालच्या साठवण कालव्यात यायचं, तिथून चक्क्या ते वरच्या साठ्यात चढवायच्या. पुढे लेक नदी उतरेपर्यंत ते तिथेच थांबायचं आणि पातळी खाली गेली की दरवाजे उघडून नदीत सोडायचं. वारा आपल्या मर्जीने येणार, नदी आपल्या मर्जीने उतरणार. या दोन्हींच्या मधे माणसाने पाण्याला थांबायला जागा करून ठेवली. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही जागा. घरी आम्ही वॉशिंग मशीन ऊन-वारा भरपूर असलेल्या तासांत लावतो, कारण तेव्हा वीज स्वस्त असते. हिशोब तोच आहे.

पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. इथली बरीच जमीन पीट मातीची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. ती माती पाण्याखाली असते तोवर टिकते. पाणी काढलं की तिला हवा लागते, ती कुजते, खचते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. जमीन खचली की पाणी आणखी खोलवरून उपसावं लागतं. शतकानुशतकं हेच चाललंय. त्यातला बराच काळ कोळशाचा कणही न जाळता, निव्वळ वाऱ्यावर! साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या उंच पवनचक्क्या बघून मी लहानपणी समजायचो की वाऱ्यावर चालतं ते सगळं चांगलंच. किंडरडाइकने माझा हा समज मोडला. आता ऊर्जा कशातून येते याच्या जोडीला तिने नेमकं काय केलं जातंय, हेही मी विचारतो. काही ठिकाणी आता मुद्दाम पाण्याची पातळी वर ठेवून पीट ओली राखायचे प्रयत्न चालू आहेत. त्या ओल्या कुरणांचेही फोटो काढा, ते याच गोष्टीतले आहेत.

आणि माणसांचे काढा, विचारून. 1850 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये दहा हजारांच्या आसपास चक्क्या होत्या, आज साधारण बाराशे उरल्यात. त्यातल्या कितीतरी स्वयंसेवक चालवतात, रीतसर शिकून, परीक्षा देऊन. 2017 मध्ये युनेस्कोने त्यांच्या या कसबाचीही दखल घेतली. वारा वाढला की पात्यांवरचं शिडाचं कापड ते किती झटकन गुंडाळतात, ते एकदा जवळून बघाच. अशाच एका आजोबांनी मला तासभर लाकडी दातेचाकांपाशी बसू दिलं होतं. फोटो दोनच आले, पण त्या चाकांची घरघर अजून कानात आहे.

चक्कीवर निळी पताका दिसली तर आत जायला हरकत नसते. फक्त किंडरडाइकला पाती जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत खाली येतात, तेव्हा कॅमेऱ्यात बघत बघत मागे सरकू नका.