छोट्या गावातल्या हौशी फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

आठवणी गोळा करायला लगेच निघू नका, आधी एक तक्ता आखा. प्रत्येक हंगामाला एक ओळ. रकाने असे: स्पर्धा किंवा साखळीतला गट, सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, आपल्यावर झालेले गोल, मैदान, कर्णधार, सचिव. आणि शेवटी ‘माहिती कुठून मिळाली’. हा शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात. पुढे दोन जुने खेळाडू दोन वेगळे निकाल सांगू लागले की निवाडा कशाच्या आधारे करायचा, हेच मग कळत नाही.

स्थापनेच्या वर्षाबाबत सावध राहा. पहिली बैठक, पहिला सामना आणि संघटनेकडे झालेली नोंदणी या तीन तारखांत काही वर्षांचं अंतर असू शकतं. तिन्ही वेगवेगळ्या नोंदवा. बोधचिन्हावरचं वर्ष हा सगळ्यात कच्चा पुरावा, कारण बोधचिन्ह बऱ्याचदा खूप नंतर तयार होतं. क्लब मधे काही वर्षं बंद पडून पुन्हा सुरू झाला असेल, तर ते सरळ लिहा. सलग परंपरा दाखवण्याच्या नादात इतिहास बिघडतो.

इतिवृत्ताच्या वह्यांपेक्षा मला जमाखर्चाच्या वह्या जास्त भरवशाच्या वाटतात. बैठकीत झालेला ठराव प्रत्यक्षात आला की नाही, हे इतिवृत्त सांगेलच असं नाही. मैदानाचं भाडं, चेंडूची खरेदी, प्रवासखर्च यांच्या नोंदींवरून मात्र सामना कधी आणि कुठे झाला, याचा माग लागतो. अशी रद्दी टाकू नका. १८५७ साली स्थापन झालेल्या शेफील्ड एफसी या इंग्लिश क्लबची सुरुवातीची कागदपत्रं २०११ मध्ये लिलावात आठ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली! तुमच्या वहीला तेवढे पैसे येणार नाहीत, हे वेगळं.

वर्तमानपत्राच्या कात्रणावर अंकाची तारीख असते, सामन्याची नव्हे. ‘गेल्या शनिवारी’ वाचलं की कॅलेंडर काढून तारीख मोजा. चषकावर कोरलेल्या वर्षाचाही घोळ होतो. १९६५-६६ च्या हंगामासाठी कुणी ६५ कोरतं, कुणी ६६.

गुणतक्ता अर्धवट असेल तर गणित कामी येतं. आठ संघ एकमेकांशी दोनदा खेळले तर एकूण सामने ५६. सगळ्यांच्या विजयांची बेरीज पराभवांच्या बेरजेइतकी, केलेल्या गोलांची बेरीज झालेल्या गोलांइतकी आली पाहिजे. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण असेल तर एकूण गुण ११२ भरतात. एकाच संघाचे आकडे हरवले असतील तर त्याचे गुण, आणि केलेल्या व झालेल्या गोलांमधला फरक, असेच काढता येतात. विजयाला तीन गुण असल्यास हा शेवटचा ताळा लागू पडत नाही, कारण बरोबरी जितक्या जास्त तितके एकूण गुण कमी. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये तीन गुण १९८१ साली आले, अनेक ठिकाणी त्यानंतर. बेरीज जुळलीच नाही तर रद्द झालेले सामने किंवा शिक्षा म्हणून कापलेले गुण शोधा.

फोटोवर तारीख नसेल तर आधी चेंडू पाहा. जुन्या संघचित्रांत चेंडूवर हंगाम रंगवलेला सापडतो. पेनल्टी क्षेत्राबाहेरचा अर्धगोल दिसला, तर फोटो १९३७ च्या आधीचा नाही. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा चेंडू १९७० च्या विश्वचषकानंतर जगभर पसरला. पण या खुणा ‘याआधीचा नाही’ एवढंच सांगतात. छोट्या मैदानांवर जुन्या गोष्टी पुढेही बरीच वर्षं टिकतात, त्यामुळे ‘यानंतरचा नाही’ असं त्यावरून ठरवू नका.

फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ (TIFF) या फाइल स्वरूपात ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. गंजक्या टाचण्या आधी काढा. फोटोतली नावं मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. मुलाखतीला जाताना हे फोटो सोबत न्या. ‘कोणत्या साली?’ असं विचारल्यावर उत्तर बहुधा चुकतं. ‘तुमच्या शेजारी उभा आहे तो कोण, आणि तो क्लबमध्ये तुमच्या आधी आला की नंतर?’ असं विचारा.