मूठ उघडेना, करंट कुठे द्यायचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : वडिलांना अर्धांगवायू होऊन पाच महिने झाले. हात खांद्यातून थोडा उचलतात, पण मूठ उघडत नाही. कंबरदुखीसाठी घेतलेलं टेन्सचं मशीन घरात आहे. ते हाताला लावलं तर चालेल का? शेजारी म्हणतात, रबरी चेंडू दाबायला द्या. (सांगली)

उत्तर : आधी चेंडू बाजूला ठेवा. हा सल्ला आपुलकीने दिला जातो, पण तुमच्या वडिलांची मूठ आधीच घट्ट वळलेली आहे. कमी पडतंय ते उघडणं, आणि चेंडू दाबून सराव होतो तो वळण्याचाच.

टेन्स दुखणं कमी करण्यासाठी असतं, त्यात करंट एकसारखा चालू राहतो. स्नायूला मात्र करंट हळूहळू चढवून, काही सेकंद टिकवून, उतरवून मग विश्रांती द्यावी लागते. मशीनवर स्नायू हलवण्यासाठीचा ‘ईएमएस’ किंवा ‘एनएमईएस’ असा वेगळा मोड आहे का, ते बघा. असेल तर (पॅड कुठे लावायचे ते पुढच्या उत्तरात) ३५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला करंटचे ३५ झटके (पल्स), पल्सची रुंदी, म्हणजे एका झटक्याचा वेळ, २५० ते ३०० मायक्रोसेकंद, चालू १० सेकंद (त्यातले पहिले २ सेकंद चढण्याचे) आणि बंद ३० सेकंद, अशी सुरुवात करता येते. करंट शून्यापासून वाढवायचा आणि मनगट-बोटं स्पष्ट उचलली गेली की थांबायचं. पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं दिवसातून दोनदा पुरे. स्नायू लवकर दमले नाहीत, तर वेळ अर्ध्या तासापर्यंत न्या आणि विश्रांती हळूहळू कमी करा. करंटने हललेला स्नायू आपण हलवलेल्यापेक्षा लवकर दमतो, कारण करंट आधी जाड मज्जातंतू पकडतो आणि ते ज्या स्नायूतंतूंना हलवतात ते झटपट थकणारे असतात. दहाव्या मिनिटाला बोटं कमी उचलली जाऊ लागली, तर तो दमल्याचा इशारा समजा. तिथे करंट वाढवू नका, थांबा.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो पॅड लावून टीव्ही बघत बसण्यात. करंट चढू लागला की वडिलांनी स्वतः मूठ उघडायचा जोर लावायचा, हात हलला नाही तरी. समोर टेबलावर स्टीलचा रिकामा पेला ठेवा. करंट आला, बोटं उघडली, की हात पेल्याभोवती न्यायचा. करंट उतरला की बोटं आपोआप वळतात, तेव्हा पेला पकडायचा. पुढच्या वेळी उघडली की सोडायचा. मेंदूने दिलेला आदेश आणि हाताची हालचाल एकाच क्षणी जुळावीत, हा यामागचा हेतू. याच कारणासाठी काही मशीनमध्ये स्नायूची स्वतःची क्षीण हालचाल ओळखून मगच करंट सुटतो. अमेरिकेत क्लीव्हलंडला तयार झालेल्या एका पद्धतीत चांगल्या हातात सेन्सरचा हातमोजा असतो. तो हात जितका उघडेल तितका करंट दुबळ्या हाताला मिळतो.

पेसमेकर असेल, फिट येत असतील, त्या जागी कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन लावू नका. पॅड छातीवर किंवा गळ्यावर कधीही नको.

प्रश्न : फिजिओथेरपिस्टने दाखवलं तसं पॅड लावते. मनगट उठतं, पण अंगठ्याच्या बाजूला वाकतं आणि बोटं बंदच राहतात. काय चुकतंय? (नाशिक)

उत्तर : पॅड चुकीच्या स्नायूवर सरकलाय, एवढंच. हाताच्या पालथ्या बाजूला, कोपराच्या बाहेरच्या हाडाखाली तीन-चार बोटं अंतरावर पहिला पॅड असतो. दुसरा त्याच बाजूला, मनगटापासून चार-पाच बोटं वर. मनगट अंगठ्याकडे वाकत असेल तर कोपराजवळचा पॅड एका वेळी १ सेंटीमीटर करंगळीच्या दिशेने सरकवा. करंगळीकडे वाकलं तर उलट. बोटं उघडणारा स्नायू पालथ्या बाजूच्या साधारण मधोमध सापडतो. आणखी एक कारण : मनगट उठलं की बोटं वळवणारे स्नायूबंध ताणले जातात आणि मूठ आवळते. म्हणून आधी बोटं, मग मनगट उचललं जाईल अशी जागा शोधा. करंट वाढवताच बोटं अजून वळत असतील, तर तो तळहाताच्या बाजूच्या, बोटं वळवणाऱ्या स्नायूंपर्यंत पसरतोय. करंट कमी करा.

एक बारीक गोष्ट : तळहात खाली करून पॅड लावला आणि मग तळहात आडवा फिरवला, की कातडी स्नायूवरून सरकते आणि जागा बदलते. ज्या स्थितीत काम करायचं त्याच स्थितीत पॅड लावा. जागा सापडली की बॉलपेनने कडेने रेघ ओढा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रश्न : पूर्वी कमी करंटवर हात उठायचा, आता जास्त लागतो आणि टोचतं. (बेळगाव)

उत्तर : बहुधा पॅड संपलेत. साधारण २०-३० वेळा वापरले की जेल सुकतं. कोपरा उचकटला की तोच करंट कमी जागेतून जातो, म्हणून टोचतं आणि भाजूही शकतं. मालिश केल्यावर लगेच पॅड लावत असाल तर खोबरेल तेल हेही कारण असेल. साबणाने हात धुऊन कोरडा करा. पॅड काढताना आधी मशीन बंद, मग पॅड. लाली तासाभरात गेली तर काळजी नाही. त्या हाताला स्पर्श कमी कळत असेल तर ‘टोचत नाही’ यावर विसंबू नका, प्रत्येक वेळी कातडी डोळ्यांनी बघा.

प्रश्न : बाइकच्या अपघातात मुलाच्या खांद्याजवळच्या नसा ओढल्या गेल्या. मशीन पूर्ण वाढवूनही हात हलत नाही. (सोलापूर)

उत्तर : हे मशीन स्नायूला नाही, त्याच्याकडे जाणाऱ्या नसेला जागं करतं. नसच तुटली असेल तर घरगुती मशीनची मायक्रोसेकंदांची पल्स तिथे पोहोचत नाही. नस सुटलेल्या स्नायूला दहापट नव्हे, शेकडो पट लांब पल्स लागते. करंट वाढवून कातडी भाजेल. ईएमजी-एनसीव्ही (स्नायू आणि नसा किती काम करतात ते बघणारी) तपासणी करून नसांच्या शस्त्रक्रियेतल्या सर्जनना लवकर दाखवा. नस जोडायची तर साधारण सहा महिन्यांच्या आत केलेलं बरं, मशीनवर महिने घालवू नका.

प्रश्न : मानेच्या मणक्याच्या दुखापतीनंतर दोन वर्षं झाली. परदेशात मानेवर पॅड लावून हात सुधारतात, हे खरं का? (पुणे)

उत्तर : खरं आहे. असं एक उपकरण, आर्क-ईएक्स, डिसेंबर २०२४ मध्ये औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने मंजूर केलं. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही, अशा मानेच्या दुखापतीतल्या ६० जणांवर त्याची चाचणी झाली होती आणि करंटसोबत हाताची थेरपीही चालू होती. त्याची पल्स साध्या मशीनपेक्षा वेगळी असते, तेव्हा घरचे पॅड मानेवर लावून बघू नका.

हाताला एनएमईएस लावत असाल तर एक लक्षात असू द्या. दुखापत पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल, आणि मशीन चालू असताना अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब चढतोय. मशीन लगेच बंद करा, पाठीवर झोपला असाल तर उठून बसा, कपडे सैल करा आणि लघवीच्या कॅथेटरची नळी मुडपली आहे का ते बघा. तरीही उतरत नसेल तर थेट रुग्णालय गाठा.