नेलपॉलिश रिमूव्हर आधी कपाटात ठेव

लग्नसराई आटोपली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मार्च-एप्रिलमध्ये ‘काय करून घेऊ?’ आणि जून उजाडला की ‘केलेलं कसं काढू?’ या वेळची तिन्ही पत्रं पापण्यांची आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तसलं पत्र एकीचं आलं तरी प्रश्न दहाजणींचा असतो.

प्रश्न : माझं लग्न मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात झालं. मेकअपवाल्या ताईंच्या आग्रहाने त्या आठवड्यात आयलॅश एक्स्टेन्शन करून घेतलं, पापणीला एकेक नकली केस चिकटवतात ते. आता सासरी आहे. अर्ध्या लॅशेस गळल्या, उरलेल्या वेड्यावाकड्या उभ्या राहिल्यात आणि कुशीवर झोपलं की टोचतात. इथे जवळपास हे काम करणारं पार्लर नाही. नणंद म्हणते, रात्रभर खोबरेल तेल लावून ठेव. मोबाइलवर एक बाई वाफ घेऊन सरळ ओढून काढताना दिसली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, नेलपॉलिश रिमूव्हरने फेविक्विक निघतं, तर हेही निघेल. श्रावणात मंगळागौर आहे, फोटो निघणार. काय करू? – नवी नवरी, गुहागर तालुका

उत्तर : अगं, आधी ते नेलपॉलिश रिमूव्हर कपाटात आत ठेव. वहिनींचं रसायनशास्त्र बरोबर आहे, जागा तेवढी चुकली. एकेक केस चिकटवायचा ग्लू असतो सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्याच घराण्यातला. पार्लरमधला जरा लवचीक आणि कमी झोंबणारा, इतकाच फरक. तो ॲसिटोनने विरघळतो, हेही खरं. पण ॲसिटोन पाण्यासारखं पातळ असतं. पापणीला लावलेला थेंब फटीतून आत उतरायला वेळ लागत नाही, आणि आत बुबुळ आहे. नखाला ज्याचं काही वाटत नाही, त्याने बुबुळावरचा नाजूक पडदा सोलवटतो. तेव्हा ‘थोडंसंच कापसावर घेऊन’ सुद्धा नको.

नणंदेचं खोबरेल त्या मानाने निरुपद्रवी, पण निरुपयोगीही. नाचाच्या कार्यक्रमात एका रात्रीपुरती लावतात ती पट्टीची लॅश तेलाने छान सुटते, कारण तिचा ग्लू वेगळा. तिथला सल्ला इथे येऊन चिकटलाय. कडक झालेलं सायनोॲक्रिलेट रात्रभर तेलात बुडवून ठेवलंस तरी विरघळणार नाही. रोज तेल लागत राहिलं तर पकड थोडी ढिली होते, बस. सकाळी डोळ्यांपुढे धुकं येतं ते वेगळंच. वाफेचंही तेच. तिने पकड जराशी सैलावते, पण पातेल्यावर वाकून पापणीची कातडी भाजून घेतलेल्या मुली मी पाहिल्यात. या दोन्ही उपायांत खरा धोका तेलाचा किंवा वाफेचा नसतो. ‘आता सुटलं असेल’ म्हणून पुढे जे ओढून बघतात, तो असतो.

ओढायचं का नाही, तेही सांगते. एक्स्टेन्शन कातडीला चिकटवलेलं नसतं. ते तुझ्या स्वतःच्या पापणीच्या केसाला, मुळापासून साधारण मिलिमीटरभर जागा सोडून चिकटवलेलं असतं. ओढलंस की दोन्ही केस मिळून येतात. वरच्या पापणीला सगळे मिळून शंभर-दीडशेच केस. त्यातले वीस गेले तरी आरशात दिसतं. मूळ शाबूत असेल तर केस परत येतो, पण दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त घेतो. पुन्हापुन्हा उपटला तर मूळच थकतं आणि तिथे केस येणं बंद होऊ शकतं.

आता तुझ्याच पत्रातलं एक गणित तू मांडलेलं नाहीस. पापणीचा प्रत्येक केस आपापल्या वेळेला गळतो, रोज दोन-चार तरी, आणि जाताना पाठीवरचं एक्स्टेन्शन घेऊन जातो. म्हणून तर पार्लरवाले दोन-तीन आठवड्यांनी रिफिलला, म्हणजे गळलेल्यांच्या जागी नवे लावायला, बोलावतात. रिफिल न करता सोडून दिलं तर सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक सगळं आपोआप साफ होतं. मेच्या मध्यावर लावलेलं श्रावणातल्या पहिल्या मंगळवारपर्यंत टिकायचंच नाही. मंगळागौरीच्या फोटोंसाठी काहीही करायची गरज नाही, गं! तोवर रोज सकाळी स्वच्छ कोरड्या स्पूलीने, म्हणजे मस्काऱ्याच्या असतो तसल्या नुसत्या ब्रशने, वरच्या वर विंचरत जा. काजळ आणि वॉटरप्रूफ मस्कारा बंद, लॅश कर्लरला हात लावायचा नाही. आणि कात्री नको. ‘फक्त टोकं छाटते’ म्हणत आपलेच केस छाटून बसतात.

एवढं करूनही सहन होत नसेल, तर घरी काढता येतं. पण स्वतःच्या हाताने नाही. लॅश काढायचा खास रिमूव्हर (नेलपॉलिशचा नव्हे) लावल्यापासून पुसेपर्यंत डोळे मिटलेलेच हवेत, आणि मिटल्या डोळ्यांनी स्वतःच्या पापणीवर काम कुणाला जमतंय? मोबाइलवरच्या बायका एक डोळा उघडा ठेवून आरशात बघत दुसऱ्यावर काम करतात. बघताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात एक डोळा उघडा असला की दुसरा फडफडतोच. तेव्हा नणंदेला कामाला लाव. हात स्थिर असलेली आणि उगाच न हसणारी असली म्हणजे झालं.

ज्या स्टुडिओत केलंस तिथे आधी फोन कर. कोणता ग्लू वापरला ते विचार आणि त्याला चालणारं क्रीम रिमूव्हर कुरियरने मिळेल का तेही. क्रीमच मागायचं. पातळ रिमूव्हर वाहतो, जेलही ओघळू शकतं, क्रीम लावलं तिथे बसतं. आल्यावर आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढं लावून धुऊन टाक आणि दिवसभर वाट बघ. लाली किंवा खाज आली तर डोळ्याजवळ न्यायचं नाही.

काढायच्या दिवशी डोळ्यांत काही लाली, चिकटा, दुखणं नको. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून ठेव. चेहरा तेल नसलेल्या फेसवॉशने धुवायचा आणि पापण्या पूर्ण कोरड्या होऊ द्यायच्या; तेलकट किंवा ओल्या केसांवर रिमूव्हर नीट काम करत नाही. आदल्या रात्री खोबरेल लावलं असशील तर तो दिवस जाऊ दे. पंखा बंद, खिडकी उघडी. उशीवर पाठीवर झोपायचं. खालच्या पापण्यांवर जेल पॅड लावायचा, नसेल तर मायक्रोपोर टेप. टेप आधी हातावर दोनदा चिकटवून तिची पकड कमी करून घ्यायची, नाहीतर ती काढताना खालचे केस जातील. खालच्या पापण्या झाकल्या गेल्या पाहिजेत आणि टेपची कड डोळ्याच्या फटीत टोचता कामा नये.

एका वेळी एकच डोळा. बारीक मायक्रोब्रशवर मुगाच्या डाळीएवढं क्रीम घेऊन जोडावर लावायचं, कातडीला न टेकवता. जोड कुठे ते ओळखायला सोपं आहे, तिथे केस जाड आणि जास्त काळा दिसतो. मग डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं. बहुतेक क्रीमना पाच-दहा मिनिटं लागतात, पण डब्यावरचं प्रमाण मानायचं, माझं नाही. या वेळात गप्पा बंद, कारण बोलताना भुवया हलतात आणि भुवयांबरोबर पापण्या. चुरचुरलं तर शौर्य दाखवायचं नाही, लगेच ओल्या कापसाने पुसून धुवायचं.

वेळ झाल्यावर कडेचं एकच एक्स्टेन्शन ब्रशने टोकाकडे सरकवून बघायचं. उकडलेल्या शेंगदाण्याचं साल हाताला येतं तसं ते न ओढता सुटलं पाहिजे. अडलं तर अजून दोन मिनिटं थांबायचं. चिमटा वापरायचाच नाही, तो हातात आला की ओढायचा मोह होतो. सगळं सुटलं की ओल्या, तंतू न सुटणाऱ्या पॅडने मुळाकडून टोकाकडे पुसायचं, दोन-तीन पॅड बदलून. क्रीम मागे राहिलं तर तेच दुसऱ्या दिवशी खाजवतं. मग डोळे मिटूनच फेसवॉशने धुवायचं. दोन-चार चिवट राहिली तर राहू देत. आठवडाभरात तीही जातील.

आणि चुकून क्रीम डोळ्यात गेलंच, तर स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा. बरं वाटलं तरी गाठायचा.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजात आहे. ऑनलाइन मागवलेल्या किटमधले लॅशचे गुच्छ ती स्वतः लावते आणि रात्री चिमट्याने उपटून काढते. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला आता मोकळी जागा दिसते. मी एरंडेल लावायला सांगते, ती म्हणते मैत्रीण वापरते ते पापण्या वाढवायचे थेंब आण. कोण बरोबर? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, दोघीही नाही. एरंडेलाने पापण्या वाढतात याला ठोस पुरावा नाही. केस चकचकीत आणि दाट दिसतात, कारण तेल लागलेलं असतं. डोळ्यात उतरलं की धूसर दिसतं.

थेंबांचं प्रकरण मात्र जपून. त्यातलं नावाजलेलं औषध म्हणजे बायमॅटोप्रोस्ट. ते मुळात काचबिंदूचं. ते घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्या लांब व्हायला लागल्या, म्हणून 2008 मध्ये अमेरिकेत पापण्यांसाठीही त्याला मान्यता मिळाली. त्याने पापणीची कातडी काळवंडू शकते, आणि बुबुळाचा रंग गडद झाला तर तो तसाच राहू शकतो. हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून, लिहून द्यायचं औषध आहे. मैत्रिणीच्या पर्समधलं तर अजिबात नको.

आता मुळाकडे येऊ. किटचं खोकं मागून घ्या आणि मागची यादी वाचा. ‘सायनोॲक्रिलेट’ लिहिलेलं असेल तर तो ग्लू रोज लावायचा-काढायचा नव्हेच, त्याला वरच्या पत्रातले नियम लागू. ते नसेल तर ग्लू बहुधा मऊ राहणारा, आणि त्याच कंपनीच्या रिमूव्हरने किंवा तेलयुक्त आय मेकअप रिमूव्हरने सुटणारा. कापसाचा पॅड भिजवून मिटल्या डोळ्यावर मिनिटभर ठेवायचा, मग गुच्छ बाहेरच्या कडेपासून आत असा हळूच सरकवायचा. तिचा उजवाच डोळा विरळ झाला, कारण ती उजव्या हाताने, कंटाळलेली, रात्री एक वाजता तिथूनच सुरुवात करत असणार. पार्लरमध्ये हे मी रोज बघते.

दोन-तीन महिने पापण्यांना काहीच लावू नका, साध्या डोळ्यांनी कॉलेजात जाऊ दे. तेवढ्यात नवे केस बारीक कुसळांसारखे दिसायला लागतील. नाही दिसले, किंवा पापणीची कड लाल, खवलेदार राहिली, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. आणि रागावू नका हो. आपण त्या वयात भुवया ब्लेडने कोरत होतो.

प्रश्न : माझं लातूरला छोटं पार्लर आहे. दुसरीकडून एक्स्टेन्शन करून आलेली एक गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. दोन्ही पापण्या सुजलेल्या, खाज. ‘आत्ताच्या आत्ता काढून द्या’ म्हणाली. मी नाही म्हटलं तर ती चिडून गेली. माझं चुकलं का? – पार्लरचालक, लातूर

उत्तर : मुळीच नाही. दोन्ही डोळ्यांना एकदम सूज आणि खाज म्हणजे बहुतेक ग्लूची ॲलर्जी. ते एक्स्टेन्शन काढावं लागणारच आहे, पण सुजलेल्या पापणीवर रिमूव्हरची आणखी एक झोंबणारी गोष्ट लावायची, तर त्याआधी डॉक्टरांनी डोळा बघितलेला हवा. त्याच दिवशी पाठवायचं, उद्यावर नाही. उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल, ठणकत असेल किंवा पू येत असेल तर तुमच्या खुर्चीत बसवूसुद्धा नका, थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी सूज उतरवून ‘काढा’ म्हटलं की मग क्रीमने, शांतपणे.

तोवर थंड पाण्याची पट्टी चालेल. तिने ज्यांच्याकडे केलं त्यांच्याकडून ग्लूच्या बाटलीचा फोटो मागवायला सांगा, डॉक्टरांना तो उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट तिला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं विसरतात : सायनोॲक्रिलेटची ॲलर्जी नक्की झाली, तर नकली नखांचा ग्लूही तिला चालणार नाही, आणि कुठे टाके घालायची वेळ आली तर तिने डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. जखम बंद करायला हल्ली कातडीवर जो ग्लू लावतात, तो याच जातीचा असतो.