ठोके जाणवत नाहीत म्हणून गोळी सोडू नका

ताई,
मी ६६ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला तेव्हा हृदयाचे ठोके अनियमित पडतात असं कळलं. डॉक्टरांनी ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असं नाव सांगितलं. टू-डी इकोत झडपा चांगल्या निघाल्या, पण मला बीपी आहे म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी, वॉरफरिन, सुरू केली. तेव्हापासून ह्यांनी विळी माळ्यावर टाकली, पालेभाजी बंद केली. एकटीला मंडईतही जाऊ देत नाहीत. आमचं भजनी मंडळ दरवर्षी वारीत थोडे टप्पे चालतं, यंदा त्यालाही नाही म्हणाले. भाचा म्हणतो, हे तर उंदीर मारायचं औषध. दंडावर काळानिळा डाग पडला तेव्हा माझा धीर सुटला. गेला महिनाभर रात्रीची गोळी तुळशीच्या कुंडीत टाकते आणि घेतली म्हणून सांगते. धडधड नाही, दम लागत नाही, तब्येत छान आहे. पण ह्यांच्याशी इतकं खोटं कधी बोलले नव्हते. पुढच्या आठवड्यात रक्ततपासणी आहे, त्यात कळेल का?
— एक वाचक

प्रिय बाई,

हो, कळेल. वॉरफरिन थांबली की काही दिवसांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, १ च्या आसपास येतो. तुमच्यासारख्या रुग्णाचा तो साधारण २ ते ३ मध्ये हवा असतो. पण रिपोर्टची वाट बघू नका. डॉक्टरांना आजच फोन करा आणि ‘महिनाभर गोळी घेतलेली नाही’ हे स्पष्ट सांगा. हे लपवलंत तर कमी आलेला आकडा पाहून ते डोस वाढवतील. मग तुम्ही खरोखर गोळी घ्यायला लागलात की त्याच वाढीव डोसने रक्तस्राव व्हायचा. आणि राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून दोन-दोन तर मुळीच घेऊ नका. किती आणि कशी सुरू करायची ते डॉक्टर सांगतील.

तब्येत छान आहे म्हणता, ते मला पटतं. पण ही गोळी धडधडीसाठी नव्हतीच. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त रेंगाळतं आणि गुठळी धरते. ती सुटून मेंदूकडे गेली की लकवा. धडधड जाणवो वा न जाणवो, गुठळी व्हायची ती होते. तुमचा आजार ईसीजीवर सापडला, तक्रारीमुळे नाही, हेच बघा ना. अशा ठोक्यांमुळे लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो, त्यात वय आणि बीपीची भर. वॉरफरिन नीट घेतली तर तो धोका जवळपास दोन-तृतीयांशाने घटतो. ॲस्पिरिन हा त्याला पर्याय नाही, कुणी सुचवली तरी तिच्यावर भागवू नका.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात सडका चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. त्याचं कारण शोधता शोधता विस्कॉन्सिन विद्यापीठात हे औषध हाती आलं. १९४८ पासून ते उंदरांसाठी विकलं गेलं. १९५४ मध्ये माणसांसाठी मान्यता मिळाली आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच दिलं गेलं. उंदराला मारते ती मात्रा. तुमची मात्रा मोजूनमापून राखता यावी म्हणूनच तर दर महिन्याला रक्त तपासायचं.

आता यजमानांविषयी. त्यांना खरं सांगा, आजच, डॉक्टरांना फोन करण्याआधी. चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण त्याच बैठकीत स्वतःचंही सांगा की विळी, मंडई, भजनी मंडळ सगळं काढून घेतल्यावर तुम्हाला घरात पेशंटपलीकडे काही उरलं नाही. तुमच्या पत्रात मला गोळीच्या भीतीपेक्षा याचाच राग जास्त दिसला, आणि तो रास्त आहे. बायको हातची जाईल या धास्तीने माणूस असं वागतो. पण धास्तीपोटी घातलेले सगळे नियम बरोबर नसतात, आणि ते नवऱ्याचे आहेत म्हणून मुकाट पाळायला हवेत असंही मला वाटत नाही. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा. हे नियम कुणी सांगितले, तेही त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा.

विळी खुशाल खाली काढा. बोट कापलं तर स्वच्छ कापड दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. रक्ताचं पाणी होत नाही, गोठायला वेळ लागतो इतकंच. पालेभाजीही बंद करायची नाही. मेथी, पालक, कोबी यांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं, म्हणून प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवायचं. महिनाभर पालेभाजी शिवायची नाही आणि मग हुरड्याला गेल्यासारखं रोज पालकावर ताव मारायचा, याने आकडा बिघडतो. एका एकादशीने सहसा काही होत नाही. चातुर्मासात मोठा नेम धरून खाण्यात बराच फरक करणार असाल, तर आधी सांगा आणि तपासणी लवकर करा.

दंडावरचा छोटा डाग या गोळीवर नेहमीचा आहे. पण डाग आपोआप आणि मोठे पडायला लागले, शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दाखवायचं.

यजमानांना लक्ष ठेवायचंच असेल, तर ते इथे ठेवू द्या, सध्या ते भलतीकडेच आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, गावच्या डॉक्टरांकडचं कमरेतलं इंजेक्शन, कुणीतरी दिलेला काढा, दुसऱ्या आजारासाठी चालू झालेलं अँटिबायोटिक, या गोळीवर खरा धोका यांचा. कुठल्याही डॉक्टरांसमोर, दात काढणाऱ्यांसमोरसुद्धा, पहिलं वाक्य ‘मी वॉरफरिनवर आहे’ हेच हवं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर घरी तेल चोळत बसायचं नाही, लगेच मोठ्या रुग्णालयात. पहिल्या साडेचार तासांतच काही उपचार शक्य असतात आणि वॉरफरिनची माहिती तिथेही पहिल्यांदा द्यावी लागते.

वारीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. आयएनआर पुन्हा जागेवर आला आणि ठोक्यांचा वेग आटोक्यात असला, तर या आजारामुळे चालायला सरसकट बंदी नसते. दिवेघाटाचा लांब टप्पा सोडून एखादा छोटा निवडा. गोळ्यांचा डबा, औषधाचं नाव आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी कमरेच्या पिशवीत ठेवा, आणि मंडळातल्या निदान एकीला सगळं माहीत असू द्या. यजमानांना सोबत चालायला सांगून पाहा.

आणखी एक. तुमच्या झडपा चांगल्या आहेत, म्हणून वॉरफरिनऐवजी रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांपैकी, म्हणजे ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांतली एखादी चालेल का, हे जरूर विचारा. कृत्रिम धातूची झडप असलेल्यांना ती देत नाहीत, तुमच्यासारख्यांना देतात. त्यांना दरमहा आयएनआर लागत नाही, पालेभाजीचा हिशेब नाही. खर्च जास्त पडू शकतो आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी व मधूनमधून करावी लागते. पण त्यांचा असर एक-दोन दिवसांतच उतरतो, त्यामुळे चुकवलेली गोळी तिथे जास्त लवकर भोवते. हा प्रश्न विचारण्याआधी गेल्या महिन्याची हकीकत डॉक्टरांना सांगून टाका, म्हणजे तुम्हाला काय झेपेल ते त्यांना ठरवता येईल.