इंग्रजीतला ‘डूलॅली’ हा शब्द आपल्या देवळालीवरून आला का? तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून?

शब्द देवळालीवरून आला, हे खरं. इस्पितळाचं मात्र मागाहून चिकटवलेलं आहे.

आधी शब्द काय ते सांगतो. ब्रिटनमध्ये कुणी ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणालं, तर ‘याचं डोकं फिरलंय’ असा अर्थ. मुंबईहून गाडीनं जाताना इगतपुरी सोडली की नाशिक रोडच्या अलीकडे लागतं तेच हे देवळाली. आज तिथे लष्कराची तोफखान्याची शाळा आहे. इंग्रजांनी १८६० च्या दशकात तिथे छावणी वसवली. विलायतेहून आलेलं सैन्य मुंबईत बोटीवरून उतरायचं, देवळालीला यायचं आणि तिथून देशभरातल्या पलटणींमध्ये वाटलं जायचं. परत जाणाऱ्यांची वाटही तीच, फक्त उलटी.

मराठी माणसाला इस्पितळ का सुचतं, ते उघड आहे. आपण सहज म्हणतो, ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा बघा’. त्या दोन्ही ठिकाणी खरोखरच मनोरुग्णालयं आहेत, त्यामुळे गावाचं नाव घेतलं तरी पुरतं. त्याच चालीनं देवळालीतही तसं काही असणार, असं वाटतं. गंमत म्हणजे इंग्रजी वाचकही हाच तर्क करतात. छावणी म्हटली की दवाखाना आलाच, तो तिथे होता. पण वेड लागलेल्या गोऱ्या शिपायाला शक्यतो मायदेशी धाडत. १८७० पासून इंग्लंडमध्ये नेटलीच्या लष्करी रुग्णालयात अशा रुग्णांसाठी वेगळी इमारतच होती. हा शब्द रुग्णालयातून निघालेला नाही. तो निघाला बोटीची वाट बघण्यातून.

ते असं. ज्याची नोकरीची मुदत भरली, त्या शिपायाला ‘टाइम-एक्स्पायर्ड’ म्हणत. (आज औषधाच्या बाटलीवर वाचतो तोच शब्द, माणसांना लावलेला.) त्याला पलटणीतून मोकळं करून देवळालीला पाठवत. पण सैन्य नेणाऱ्या बोटी बारमाही नव्हत्या. उन्हाळा आणि पावसाळा टाळून, साधारण ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांतच त्या चालत. मुदत नोव्हेंबरात भरली तर नशीब. एप्रिलात भरली, तर पुढची बोट ऑक्टोबरात. म्हणजे सहा महिने अधांतरी.

आणि ते सहा महिने करायचं काय? १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायानं १९३६ साली छापलेल्या आठवणींत याचं वर्णन आहे. या लोकांकडे हत्यार नाही, सरंजाम नाही. अधूनमधून सामानाची तपासणी आणि कधीतरी एखादी पायपीट, एवढंच काम. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक डाग नव्हता, अशी माणसं इथे गुन्हे करून बसली आणि घरी जायच्या आधी तुरुंगात गेली. काहींना गुप्तरोग जडले आणि ते दवाखान्यात पडले. कुणी विचित्र वागू लागला की ‘याला डूलॅली टॅप झालाय’ असं म्हणायची पद्धत याच कंटाळ्यातून पडली असावी, असं तो लिहितो. ‘असावी’ हे त्याचंच आहे. तिथल्या हवेत वावरलेला माणूसही छातीठोकपणे सांगत नाही, हे मला त्या मजकुरातलं सगळ्यात विश्वासाचं वाक्य वाटतं.

आता त्या ‘टॅप’कडे या, कारण शब्दाची खरी गंमत तिथे आहे. मूळ शब्द एकटा ‘डूलॅली’ नव्हताच. तो होता ‘डूलॅली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप. आपल्याला वाटेल की हा सरळ मराठी ताप. पण बराकीतल्या गोऱ्यांना जी काही देशी भाषा यायची, ती मोडकीतोडकी हिंदुस्थानी. म्हणून कोशकार हा शब्द फारसी-उर्दू ‘तप’ याच्याशी जोडतात. क्षयाला हिंदीत ‘तपेदिक’ म्हणतात, त्यातला तप तो हाच. आपला ताप आणि तो तप एकाच जुन्या धातूचे, म्हणजे चुलतभाऊ. तेव्हा मराठीचा हक्क अगदीच जात नाही. शिवाय ‘डोक्याला ताप’ म्हणताना आपण ज्वराबद्दल बोलत नसतो, हेही लक्षात घ्या.

शब्दाचं रूप कसं पालटलं, ते व्याकरणात दिसतं. सुरुवातीला हे नाम होतं: त्याला देवळालीचा ताप ‘आहे’, ‘झालाय’. लष्करी बोलीचा पहिल्या महायुद्धानंतर निघालेला फ्रेझर आणि गिबन्स यांचा कोश १९२५ सालचा. त्यात हा शब्द ‘वेडा, डोकं ठिकाणावर नसलेला’ अशा अर्थानं, म्हणजे विशेषणासारखा दिला आहे. तो माणूसच डूलॅली टॅप. सोबत ‘जुन्या फौजेतला’ अशी खूणही आहे. म्हणजे छापलेला पुरावा १९२५ चा असला, तरी शब्द महायुद्धाच्या आधीपासून तोंडी होता. बराकीतली बोली छापखान्यात पोचायला अशीच काही दशकं घेते. त्यामुळे पहिल्या छापील नोंदीचं साल हे शब्दाचं जन्मसाल धरू नका. हौशी व्युत्पत्तीत ही चूक नेहमीची.

पुढे ‘टॅप’ गळून पडला. ज्याला हिंदुस्थानी येत नाही, अशा इंग्रजाच्या कानाला टॅप म्हणजे एक तर नळ, नाहीतर हलकीशी टपली. तापाशी त्याचा संबंधच उरला नाही आणि निरर्थक शेपूट गळणारच. आपणही ‘डेंग्यूचा ताप’ न म्हणता ‘डेंग्यू झालाय’ म्हणतो, पण तिथे उरतं ते रोगाचंच नाव. इथे रोग सांगणारा भाग गेला आणि गावाचं नाव रोग होऊन बसलं.

उच्चाराचंही बघून टाका, कारण ‘देवळाली’चं ‘डूलॅली’ होणं अनेकांना ओढूनताणून वाटतं. इंग्रजीत ळ नाही, त्याचा ल झाला. ‘देव’चं स्पेलिंग ते ‘डी-ई-ओ’ असं करत, देवगडच्या जुन्या स्पेलिंगमध्ये असतं तसं. म्हणजे वाचताना ‘डिओ’. इंग्रजी आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, ‘ला’वर पडला, मग आधीचं ‘डिओ’ घाईत म्हटलं जाऊन ‘डू’ उरलं आणि ‘ला’चा ‘लॅ’ झाला. याच फौजेनं ‘विलायती’चं ‘ब्लायटी’ केलं, मायदेशाचं लाडकं नाव म्हणून. त्या मानानं देवळालीवर फार अन्याय झालेला नाही.

इस्पितळाची गोष्ट का चिकटते, याला इंग्रजीतच एक जोडीदार आहे. ‘बार्मी’ म्हणजे चक्रम. केंट परगण्यात बार्मिंग हीथ इथे १८३३ साली वेड्यांचं इस्पितळ निघालं, म्हणून बार्मी, असं लोक खुशाल सांगतात. इस्पितळ खरं, व्युत्पत्ती खोटी. ‘बार्म’ म्हणजे बिअर आंबताना वर येणारा यीस्टचा फेस, आणि ‘फेसाळ’ या अर्थी बार्मी हा शब्द त्या इस्पितळापेक्षा कितीतरी जुना आहे. डोक्यात नुसता फेस, म्हणून चक्रम. तेव्हा वेड्याला लावलेला शब्द आणि इस्पितळाचं गाव यांची नावं जुळली, एवढ्यावर हुरळून जाऊ नका. शब्द आधीचा की इमारत आधीची, ते पहिल्यांदा तपासा. मग उच्चार खरोखर तसा बदलू शकतो का ते बघा. आणि अर्थाच्या मधल्या पायऱ्या कुठे लिहिलेल्या सापडतात का, ते शोधा. डूलॅली तिन्हीत उत्तीर्ण होतो, इस्पितळ पहिल्याच पायरीवर अडखळतं.

आजचा अर्थ बराच निवळला आहे. लष्करी कडवटपणा गेला, आता तो आजीबाईंच्या तोंडीही शोभतो. प्रिंटर डूलॅली होतो, हवामान डूलॅली होतं. देवळालीच्या छावणीत सुरू होणारी एक विनोदी मालिका बीबीसीवर १९७४ ते १९८१ चालली, त्यामुळे गावाचं नाव तिकडच्या एका पिढीच्या कानावर आहे. बाकीच्यांना हे गाव आहे याचाच पत्ता नसतो. इकडे पुण्यात २००९ साली ‘डूलॅली’ नावाची मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअरची छोटी भट्टी, निघाली आणि पुढे मुंबईत तिचे ‘टॅपरूम’ झाले. म्हणजे केव्हाच गळालेला टॅप परत आला, आणि तोही बिअरच्या नळाच्या रूपात.

तिकडे राहत असाल आणि शब्द वापरायचा असेल, तर दोनतीन गोष्टी. स्पेलिंग डी-ओ-ओ-एल-ए-एल-एल-वाय, पहिलं अक्षर लहान, कारण तो आता विशेषनाम राहिलेला नाही. क्रियापद ‘गो’ घ्या. नामाच्या आधी लावून ‘अ डूलॅली मॅन’ असं सहसा कुणी म्हणत नाही. अमेरिकन माणसाला बहुतेक समजावून सांगावा लागेल. थट्टेत चालतो, ऑफिसच्या पत्रात नाही. आणि ज्याला खरोखर मानसिक आजार आहे, त्याच्याबद्दल बोलताना अजिबात नको. तिथे तो ‘ठाण्याला पाठवा’इतकाच लागतो.